मधली फळी

गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात मला अजून "चिचुंदरीवाली बाई" म्हणतात. गिरणीवर दळण घेऊन गेले की गिरणीवाला पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतो, "अरे, ये वही चिचुंदरीवाली बाई है." रिटायर झाले, तरी नाव काही सुटत नाही. आधी राग यायचा. आता म्हणते, म्हण बाबा. जन्म त्यांच्यात घालवला, आता नाकारू कशाला?

या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "बाई, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा, लोकांना मजा येईल." गमती आहेत, नाहीत असं नाही. पण लिहायला बसले की दर खेपेला माझा धाकटा भाऊ आडवा येतो. टेकचंद त्याचं नाव, घरात टेकू. तो आता नाही. तो वाचला असता असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. त्यासाठी आंगणात एक भिंत घालायची होती, बस्स. ती भिंत मागायला मी कुठे शिकले हे सांगायचं तर चिचुंदरीपासूनच सुरुवात करावी लागेल. तेव्हा संपादक महाराज, गमती निघतील तेवढ्या घ्या.

गोंदियाच्या बाहेर, बालाघाटच्या रस्त्याला एक संशोधन संस्था होती. नाव लिहीत नाही. तिथल्या प्राणिगृहात मी कामाला होते. प्राणिगृह म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाणंपाणी करायचं, वजनं घ्यायची, कोण सुस्त आहे, कोणी खाल्लं नाही, कोणाचे डोळे चिकटले, सगळ्यांवर नजर ठेवायची. पांढरे उंदीर होते, ससे होते. माझे नातेवाईक म्हणत, "उंदीर पाळाचा पगार घेते का वो?" मी म्हणायची, "माणसं पाळून पाहिली, त्याचा कोणी देत नाही."

मग झाडचिचुंदऱ्या आल्या. नाव वाचून नाक धरू नका. घरात भिंतीच्या कडेने चुंईचुंई करत पळते, घाण वास मारते, ती ही नव्हे. ही जंगलातली, दिवसाउजेडी फिरणारी. लांबून पाहिली तर खारच वाटते. जवळून पाहिलं की तोंड लांब, टोकदार निघतं आणि खांद्यावर एक पांढुरकी रेघ दिसते. सालेकसाकडच्या जंगलातून वनखात्याच्या परवानगीने धरून आणल्या होत्या. धरायला जियालाल होता, तिकडच्याच गावचा. नंतर तो प्राणिगृहात माझ्यासोबतच कामाला लागला. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की समोरचा गार.

प्रकल्पाच्या मोठ्या मॅडमनी आम्हाला समोर बसवून समजावलं. माणसाचा रोग प्राण्याच्या अंगात जमेल तितका तसाच उभा करायचा, मग त्यावर औषध चालतं का पाहायचं, याला ते लोक मॉडेल म्हणतात. उंदीर माणसापासून बराच लांबचा, ही चिचुंदरी त्याच्यापेक्षा जवळची. परदेशात यांच्यावर काविळीचा अभ्यास करतात, लांबचं दिसत नाही त्या नजरेच्या दोषाचा करतात. "आपण उदासीचा करणार," मॅडम म्हणाल्या.

उदासीचा! मला हसूच फुटलं. म्हटलं, "मॅडम, जनावर उदास काऊन होईन? त्याले ना लेकीचं लगन करायचं, ना सासूचं ऐकायचं!"

जियालालही हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाहालच तुम्ही, शकुनबाई."

पहिली फजिती पिल्लांवरून झाली. एक मादी व्याली. पिल्लं एका पेटीत, आणि ही बया दुसऱ्या पेटीत जाऊन खुशाल झोपली. दिवस गेला, पिल्लांकडे ढुंकून पाहिलं नाही. मॅडम बैठकीसाठी नागपूरला. आम्ही सगळे पिंजऱ्याभोवती उभे. जनावरांचे डॉक्टर होते तेही म्हणाले, "टाकून दिलेली दिसतात." जियालाल म्हणाला, "अशी कशी माय असंन बाप्पा?" मी तर तिला तोंडावर शिव्या घातल्या. मग काय, आम्ही पिल्लं उचलली, कापसात ठेवली, दिव्याची ऊब दिली, ड्रॉपरने दूध पाजलं. लेकरासारखं केलं. एकामागून एक सगळी गेली.

मॅडम आल्या आणि कपाळाला हात लावून खुर्चीत बसल्या. या जातीची आई दोन दिवसांत एकदाच पिल्लांकडे येते. येते, पोट टम्म होईस्तोवर पाजते आणि निघून जाते. ती सारखी जवळ राहिली तर तिच्या वासावर साप येईल, मुंगूस येईल, म्हणून लांब राहते असं म्हणतात. लांब राहणं हीच तिची माया. आणि आम्ही बसलो होतो आपल्या घरच्या मापाने तिला मोजत. पुढच्या वेळी व्याली तेव्हा आम्ही त्या खोलीत पायही ठेवला नाही, तर पिल्लं जगली. या जनावराच्या बाबतीत आपल्याला जे उघड वाटतं ते तसं नसतं, एवढं मी त्या दिवसापासून डोक्यात बांधून घेतलं.

पाहुणेही एकेक नमुने. एक पुढारी आले, सगळं फिरून पाहिलं आणि जाताना विचारलं, "हे खाऊन काय होते?" एक म्हातारे गृहस्थ तर पुन्हा पुन्हा यायचे. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं की या प्राण्याचं तेल गुडघ्याला लावलं की माणूस पळायला लागतो. मी समजावून थकले. शेवटी जियालाल गंभीर तोंड करून म्हणाला, "लावून पाहा काका, पण मंग झाडावर राहा लागन." ते पुन्हा आले नाहीत.

आता त्या प्रयोगाचं लिहिते. इथे हात जड होतो, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

यातला नर आपली हद्द राखून असतो. जुन्या नराच्या पिंजऱ्यात नवा नर सोडायचा. थोडा वेळ झटापट होते, नवा हरतो. तो हरला की लगेच मध्ये तारेची जाळी सरकवायची. जखम होऊ द्यायची नाही, तसा नियमच होता, आणि नियम पाळला जातो की नाही हे पाहायला समिती यायची. जाळी पडली की मारामारी संपली. आता जिंकलेला फक्त पलीकडे दिसतो आणि त्याचा वास येतो. तो काही करत नाही हो. खातो, अंग चाटतो, इकडून तिकडे फिरतो. पण हरलेला कोपरा धरतो. त्याच्या शेपटीचे केस ताठ उभे राहतात आणि खाली बसतच नाहीत. समोर पपई, केळं, अळ्या, उकडलेलं अंडं, सगळं असून तोंड लावत नाही. अंग चाटणं सोडतो, केस मळकट होतात, झोप उडते. रोज सकाळी मी त्याला कापडी पिशवीत घालून काट्यावर ठेवायची आणि रोज वजन उतरलेलं असायचं. जिंकलेल्याचं वजन घ्यायचं काम नव्हतं, कारण प्रयोग त्याच्यावर नव्हताच. असंच चालू ठेवलं तर हरलेला एक दिवस मरून जातो. अंगावर एक ओरखडा नसतो.

मॅडमचं औषध जाळी तशीच ठेवून द्यायचं असे. ते हळूहळू लागू पडायचं, आणि मॅडमचा सगळा जीव त्यात होता. पण प्रयोगात आणखी एक भाग होता. काही पिंजऱ्यांत जाळीला लागून लाकडाची फळी सरकवायची. पलीकडचा तिथेच, वितीच्या अंतरावर, फक्त दिसायचा बंद. ते काम माझ्याकडे. पहिल्यांदा फळी सरकवली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मरगळलेल्या जनावराने पपईची फोड दोन्ही हातांत धरून खाल्ली. मी जियालालला हाताला धरून ओढत आणलं, "पाय, पाय, खाऊन राहिला!" शेपटीचे केस खाली बसलेले. मला इतका आनंद झाला की मी डबा न खाताच घरी गेले.

औषध नाही, दवा नाही, एक साधी फळी.

आता टेकू.

आमचं माहेर तिरोड्याकडे, बोदलकसा तलावाच्या पाण्यावर भिजणारं गाव. आम्ही पोवार. पूर्वज माळव्यातून आले म्हणतात. आले ते बांध घालून धान पेरूनच बसले. खेमराजदादा मोठा, मी मधली, टेकू धाकटा. बाबा गेल्यावर शेतीच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण कटकट काही झाली नाही. घर असं की दादाची सपरी एकीकडे, टेकूची सपरी बरोबर समोर, आणि मध्ये एकच आंगण. सपरी म्हणजे तुमची ओसरी. आमच्यात म्हणतात, माय जिवंत आहे तोवर आंगण कापायचं नाही. शेत कापा, चूल कापा, पण आंगणात भिंत घातली तर जित्या मायचे दोन तुकडे केल्यासारखं होतं. आमची माय जिवंत आहे. सकाळी एका सपरीत चहा घ्यायची, दुपारी दुसऱ्या सपरीत भात.

भांडण झालं धुऱ्यावरून. दोघांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, लागून, मधला मातीचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, एका बाजूला सरकला असं टेकूचं म्हणणं. खरंखोटं आता कोण सांगणार? उन्हाळी धानाची मळणी चालू होती. आंगणात मजूर, माय, टेकूची बायको रेखा, दादाची पोरं, सगळे. टेकूने शब्द वाढवला. दादाने त्याला धरलं, आपटलं आणि छातीवर गुडघा ठेवला. म्हणाला, "म्हण, धुरा माह्या होय." टेकूला म्हणावं लागलं. दादाने त्याच क्षणी हात देऊन त्याला उठवलं, सदऱ्याची माती झटकली, म्हणाला, "चाल, चहा घे." दादाच्या हिशेबी भांडण तिथेच मिटलं. मजुरांसमोर, बायकोसमोर माती चाटलेल्या माणसाच्या हिशेबी ते मिटलं की नाही, हे कोणी विचारलं नाही.

मी पुढे एका रविवारी गेले. टेकू सपरीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेला. दाढी वाढलेली, डोक्याला तेल नाही, फणी नाही. हा माझा भाऊ दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडार नाचायचा, दिवसातून दोनदा कंगवा फिरवायचा! समोरच्या सपरीत दादा जेवायला बसला. तिथून मोठ्याने, चांगल्या मनाने ओरडला, "काऊन गा टेकू, जेवला का नाई?" टेकूचे खांदे कानाशी आले. रेखा माझ्या कानात म्हणाली, "बाई, मी ताट ठेवते अना तसंच उचलते. दादा दिसले का यांचं जेवणच थांबते."

जे मी रोज सकाळी पिंजऱ्यात पाहत होते तेच आमच्या आंगणात बसलेलं होतं.

दादा वाईट होता असं मी लिहिणार नाही. त्याने पुन्हा कधी हात उगारला नाही. भाजी निघाली की आधी टेकूकडे पाठवायचा. सकाळी उठला की समोर बघून हाक मारायचा. तेच तर मारत होतं टेकूला, पण हे कोणाला सांगणार?

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शकुनबाई, इथलं उचलून तिथे असं सरळ ठेवता येत नाही. तो माणूस आहे. भावाला डॉक्टरकडे न्या." बरोबरच बोलल्या. गोंदियाला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. फार चांगला माणूस. टेकूचं सगळं ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, "वेळ लागेल, सोडू नका" म्हणाले. आणि मला वेगळं विचारलं, "यांना काही दिवस त्या घरातून बाहेर ठेवता येईल का?"

मी टेकूला म्हटलं, "चाल माह्यासंगं कुडव्याले. खोली रिकामी हाये."

तो म्हणाला, "बाई, घर असून बहिणीच्या घरी राहू? लोक काय म्हणतीन? हारला तं हारला, अना पळूनबी गेला."

गोळ्या त्याने काही दिवस घेतल्या. मग पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, पागलखान्याच्या गोळ्या सुरू झाल्या वाटते याच्या. त्या दिवसापासून बंद. मी फोनवर भांडले, रडले, शपथा घातल्या. "घेतो, घेतो" म्हणायचा.

म्हणून मी शेवटी भिंत मागितली. माय आणि दादा समोर बसलेले. मी म्हटलं, "आंगणात भिंत घाला. छपराएवढी. याले दादा दिसाले नाई पायजे."

माय म्हणाली, "बहीण होस का वैरीण? भावाभावात भिंत घालाले आली? मी मेल्यावर घाला. तोवर माह्या आंगणाले हात लावू नका."

दादा आधी हसला. "त्या उंदरायच्या नादानं तुह्यं डोक्स फिरलं, शकुन." मग माझं तोंड पाहून जरा नरमला. "असं कसं म्हणतेस वो? मी त्याले दिसतो म्हणून तं त्याले आधार हाये. भिंत घातली तं एकटा नाई पडन का?"

मी फळीचं सांगितलं, पपईचं सांगितलं, शेपटीच्या केसांचं सांगितलं. जितकं सांगत गेले तितकी मीच येडी ठरत गेले. आंगणात दोन भाऊ एकमेकांना दिसतात ही चांगली गोष्ट, आणि न दिसणं ही वाईट, हे इतकं उघड होतं की पुढे बोलणंच खुंटायचं. पिल्लांपासून लांब झोपलेल्या त्या चिचुंदरीला शिव्या घालताना मला तरी कुठे काय वेगळं वाटलं होतं?

मग मी माझ्या डोक्याने केलं. बुरडाकडून बांबूचा मोठा तट्टा विकत आणला. मी आणि रेखाने मिळून तो टेकूच्या सपरीला बांधला, ऊन लागते म्हणून. मायला तसंच सांगितलं. काय सांगू तुम्हाला! दोन-चार दिवसांत रेखाचा फोन, "बाई, आज भात मागून घेतला." पुढच्या रविवारी गेले तर दाढी केलेली. "धानाच्या रोवण्याले किती बाया लागतीन?" असं मला विचारलं. कितीतरी दिवसांनी त्याने पुढच्या दिवसाचं काहीतरी विचारलं होतं. तट्ट्याआड बसून आम्ही दोघांनी चिवडा खाल्ला. तो म्हणाला, "बाई, तुह्यी चिचुंदरी कशी हाये?" मी म्हटलं, "मजेत हाये. पपई खाऊन राहिली." तो हसला.

मी शीळ घालत घरी आले असं म्हटलं तरी चालेल. मला वाटलं, जिंकले.

पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला दोन्ही घरचे बैल एकाच आंगणात उभे करतात, ओळीने पूजा होते, नातेवाईक जमतात. मी पुरणाचं ताट घेऊन उभी होते. दादा नवं धोतर नेसून आला, बैलांना ओवाळलं, आणि टेकूच्या सपरीकडे वळून म्हणाला, "आज पोळा. आज भाऊ भावाले दिसला पायजे." आणि त्याने तट्ट्याच्या सुतळ्या सोडल्या. स्वतःच्या हाताने, मायेने. तट्टा गुंडाळला, गोठ्याला टेकवला, टेकूला ओढून मिठी मारली, टिळा लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायच्या डोळ्यांना पाणी.

मी ओरडले, "दादा, बांध तो परत! आत्ताच्या आत्ता बांध!"

"सणाच्या दिवशी तोंड आवर, शकुन," माय म्हणाली.

टेकू दादाच्या मिठीत होता. त्याचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. मी त्याच्या मानेकडे पाहिलं, मानेवरचे बारीक केस उभे होते.

तट्टा पुन्हा बांधला, तर पुढच्या खेपेला नव्हता. मायने तो तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर टाकला होता, पावसाने तणीस भिजते म्हणून. मी तिसऱ्यांदा बांधला. दादानेच काढला. "पाहुणे काय म्हणतीन, दोघायचं पटत नाई?" मी रोज ड्यूटीवर जाऊन जनावरांसाठी फळी सरकवायची आणि माझ्या भावासाठी मला बांबूचा एक तट्टा टिकवता येईना. प्राणिगृहात मी काही म्हटलं की होत होतं. माहेरी माझा शब्द म्हणजे पाहुणीचा शब्द.

पौषाच्या थंडीत टेकूला ताप आला. छाती भरली. तालुक्याच्या दवाखान्यातून गोंदियाला न्यायचं ठरलं तेव्हा स्ट्रेचर यायच्या आधीच मी त्याला खाटेवरून उचललं. पुरुषमाणूस, आणि मी एकटीने उचलला. जन्मभर वजनं केलेले हात आहेत माझे, त्यांना सगळं कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "हे इतके खंगले कधीपासून?" मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं. खोटं नव्हतं. अंगावर एक ओरखडा नव्हता.

सगळ्यांत मोठ्याने दादा रडला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुढे प्रकल्पही बंद पडला. मंजुरी संपली, नवीन मिळाली नाही. इतके दिवस पिंजऱ्यात राहिलेले प्राणी जंगलात सोडता येत नाहीत, नियमाने त्यांना शेवटचं इंजेक्शन द्यावं लागतं. डॉक्टर देत होते, मी धरत होते. ज्यांच्यासाठी मी फळ्या सरकवल्या होत्या तेही त्यात होते. पपई आवडीने खाणारे. जियालाल बाहेर जाऊन बसला तो आत आलाच नाही. मॅडमचा लेख कुठेतरी छापून आला म्हणे. आमच्या इकडच्या जातीतही परदेशातल्या जातीसारखंच दिसलं, असं त्यात आहे. म्हणजे जगाला जे आधीच माहीत होतं तेच आम्ही पुन्हा दाखवलं. लोक विचारतात, एवढी जनावरं मारून माणसाच्या काय कामी आलं? पूर्वी मी तावातावाने उत्तर द्यायची. औषधं अशीच निघतात, म्हणायची, आणि ते खरंच आहे. पण आता कोणी विचारलं की माझ्याच घरचं आठवतं. कळलेलं घेऊन मी दारात उभी होते, आणि दारातून आत कोणी घेतलं नाही. कळून काय करायचं असतं ते मला कळलं नाही.

या वर्षी धान कापून झाल्यावर रेखाचा फोन आला. "बाई, दादांनं आंगणात भिंत घातली."

माझं डोकं सणकलं. टेकू असताना मी पाया पडले तेव्हा नाही घातली, आणि आता त्या विधवा बाईच्या तोंडावर भिंत? माय अजून जिवंत असताना? मी तशीच बसने निघाले. वाटभर दादाला काय काय बोलायचं ते मनात लावत गेले. तट्ट्याची एकेक सुतळी मोजून द्यायची होती त्याला.

भिंत खरंच होती. कच्च्या विटांची, गिलावा नाही, पार छपराच्या वाश्यापर्यंत गेलेली. एका टोकाला मायला जायला-यायला फट ठेवलेली. माय त्या फटीशीच बसली होती. मला पाहून तिने हातानेच आत जा म्हणून खुणावलं.

दादा आपल्या सपरीत बसला होता. समोर ताट होतं. भात निवून गेलेला, वरणावर साय आलेली. मी तोंड उघडलं, पण त्यानेच आधी बोलायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत.

"जेवाले बसलो का नजर तिकडंच जाते वो. तो कोपरा दिसते. हाक माराले तोंड उघडते अना मंग याद येते. घास उतरतच नाई." मग म्हणाला, "तू सांगे ना, फळी टाकली का खाऊन राहते म्हणून. म्हणून घातली. मायनंबी नाई म्हटलं नाई."

मी त्याच्याजवळ गेले.

"तरीबी दिसते," दादा म्हणाला. "शकुन, आणखी किती उंच घालू वो?"

वाटभर मनात लावून आणलेलं सगळं माझ्या तोंडात विरून गेलं. सदरा त्याच्या खांद्यावरून घसरत होता. दाढी वाढलेली. मी खाली वाकले आणि चाल, हात धू, म्हणून त्याला दंडाला धरून उठवलं. हा माणूस टेकूच्या छातीवर गुडघा ठेवून बसला होता. आता माझ्या एका हाताने उठला, आणि माझ्या हाताला सगळं कळलं.

प्राणिगृहात रोज सकाळी वजन व्हायचं ते हरलेल्याचं. जिंकलेल्याला कोणी कधी काट्यावर ठेवलंच नाही.